धर्म आणि राजकारण यांची फारकत नेमकी कुठे व्हावी?

धर्म आणि राजकारण वेगळे ठेवावेत का, असे आपण विचारले आहे; आणि त्याला जोडूनच आपली खरी अडचणही मांडली आहे, ती अशी की जो माणूस मनापासून धार्मिक आहे त्याने सार्वजनिक कामात येताना आपली श्रद्धा उंबरठ्याबाहेर काढून ठेवावी, ही अपेक्षा कितपत योग्य आहे. ही अडचण रास्त आहे. तिला बगल देऊन ‘अर्थातच वेगळे ठेवावेत’ असे एका ओळीत सांगून मोकळी होणारी उत्तरे श्रद्धावान माणसाला पटत नाहीत, यात मला नवल वाटत नाही.

माझे मत आधी सांगतो आणि मग कारणे देतो. राज्यसत्ता आणि धर्म यांची फारकत झाली पाहिजे, आणि धर्माच्या नावाने मते मागितली जाऊ नयेत, असे मला ठामपणे वाटते. परंतु धार्मिक माणसाला, किंवा श्रद्धेतून आलेल्या त्याच्या तळमळीला, राजकारणातून हद्दपार करता येत नाही आणि करूही नये. ही दोन विधाने एकमेकांना छेद देणारी वाटतील. तसे वाटते, कारण ‘राजकारण’ हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. समाजाचे भले कशात आहे याविषयी चाललेला वाद हेही राजकारण, आणि कर वसूल करण्याची, कायदा करण्याची व माणसाला तुरुंगात टाकण्याची सत्ता चालवणे हेही राजकारणच. पहिल्यात माणूस आपल्या संपूर्ण अंतःकरणासह उतरतो. दुसऱ्यात मात्र त्याच्या हाती इतरांचे आयुष्य दिलेले असते.

गांधीजींना या वादात दोन्ही बाजूंचे लोक आपल्याकडे ओढतात, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. धर्माचा राजकारणाशी काही संबंध नाही असे म्हणणाऱ्यांना धर्म म्हणजे काय हेच ठाऊक नाही, असे त्यांनी १९२० च्या दशकात लिहिले. त्याच गांधीजींनी १९४६ मध्ये सांगितले की, माझ्या हाती सर्वाधिकार असते तर मी धर्म आणि राज्य वेगळे ठेवले असते. मी माझ्या धर्मासाठी प्राण देईन, पण ती माझी खाजगी बाब आहे आणि राज्याचा तिच्याशी संबंध नाही. राज्याने लोकांचे आरोग्य, दळणवळण, चलन, परराष्ट्रसंबंध पाहावेत, तुमचा-माझा धर्म पाहू नये, असेही ते म्हणाले. त्यांनी मधल्या काळात मत बदलले असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. पहिले वाक्य राजकारणात उतरणाऱ्या माणसाविषयी आहे आणि दुसरे त्या माणसाच्या हाती येणाऱ्या राज्ययंत्रणेविषयी.

आता कारणाकडे येतो. माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न जाब विचारण्याचा आहे. लोकशाहीत सत्ता ज्याच्या हाती जाते त्याला ती उसनी दिलेली असते. ठरावीक मुदतीने तिचा हिशेब द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर लोक ती काढून घेतात. श्रद्धेचे तसे नसते. संकटात सापडलेला माणूस देवाने आजवर काय दिले आणि काय नेले याची बेरीज-वजाबाकी करून हात जोडत नाही, आणि हिशेबापलीकडे उभे राहणे हेच श्रद्धेचे बळ आहे. हे दोन व्यवहार एकत्र आले की सत्तेला श्रद्धेचे कवच मिळते आणि तिला प्रश्न विचारणे पाप ठरू लागते. किंवा श्रद्धाच सत्तेच्या बाजारात उतरते आणि तिची देवघेव सुरू होते. बहुतेक वेळा दोन्ही एकदमच घडते.

हे मी एकदा अगदी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रचारसभेत मी बसलो होतो. उमेदवाराचे भाषण संपत आले असताना पुढच्या रांगांमधून साठीच्या पुढची एक बाई उठून उभी राहिली आणि तिने विचारले की, सरकारी दवाखान्यात चौदा महिने डॉक्टर नाही, त्याचे काय करणार. आवाज मोठा नव्हता, पण आजूबाजूच्या लोकांनी ऐकले आणि क्षणभर सभा शांत झाली. उमेदवाराने ‘होईल, सगळे होईल’ एवढेच म्हटले आणि लगेच धर्माच्या नावाची घोषणा दिली. सभेने ती उचलून धरली, दुसऱ्यांदा दिली तेव्हा लोक उभे राहिले, आणि त्या बाईनेही हात वर करून घोषणेला साथ दिली, कारण ती तिच्याही देवाच्या नावाची घोषणा होती. मग ती खाली बसली. तिच्या प्रश्नाला कोणी खोटे ठरवले नव्हते, कोणी तिला दटावलेही नव्हते. तरी तो प्रश्न पुन्हा विचारायचा तर आता तिला आपल्याच देवाच्या जयघोषात व्यत्यय आणावा लागला असता. मला त्या उमेदवाराचा राग आला, पण त्याहून अधिक वाईट वाटले ते तिच्या भक्तीचे, कारण तिचीच भक्ती तिच्याविरुद्ध वापरली गेली होती.

म्हणूनच या फारकतीचा लाभ आधी धर्माला होतो असे मी मानतो, आणि इतिहासात ही मागणी करणाऱ्यांमध्ये पहिल्या फळीत अत्यंत श्रद्धाळू माणसे दिसतात ती उगीच नव्हे. सोळाव्या शतकातील इंग्लंड पाहा. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपचा अधिकार झुगारून स्वतःला तिथल्या चर्चचा प्रमुख ठरवून घेतले. त्याच्या मुलाच्या, म्हणजे सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत चर्चमधील कॅथलिक पद्धतीची दगडी वेदी काढून तिथे प्रॉटेस्टंट पद्धतीचे लाकडी मेज ठेवण्याचा हुकूम निघाला. १५५३ मध्ये त्याची कॅथलिक बहीण मेरी गादीवर आली आणि वेदी परत आल्या, आणि तिच्या पाच वर्षांच्या राज्यात सुमारे २८० प्रॉटेस्टंट लोकांना जिवंत जाळण्यात आले. १५५९ मध्ये एलिझाबेथने चर्च पुन्हा आपल्या अधिकाराखाली घेतले, मेजे पुन्हा आली, आणि पुढे तिच्या राजवटीत कॅथलिक धर्मगुरूंना देहदंड झाले. एकाच चर्चमध्ये प्रार्थनेला जाणाऱ्या माणसाने पंचवीस वर्षांत तीन-चार वेळा आपला धर्म बदललेला पाहिला, आणि एकदाही त्याला कोणी विचारले नाही. गादीवर कोण बसते यावर वेदी दगडाची की लाकडाची हे ठरत असेल, तर त्या वेदीचे पावित्र्य कशात उरते?

फ्रान्सची गोष्ट वेगळा धडा देते. तिथे चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांत येथून आज्ञापत्र काढून प्रॉटेस्टंट प्रजेला उपासनेची मर्यादित मोकळीक दिली आणि अनेक दशकांची धर्मयुद्धे थांबवली. १६८५ मध्ये त्याचाच नातू चौदावा लुई याने ते आज्ञापत्र रद्द केले, आणि दीड-दोन लाख माणसे, त्यांत कितीतरी कुशल कारागीर, देश सोडून गेली. आजोबाने दिलेले नातवाने काढून घेतले. कारण जे मिळाले होते ती राजाची मेहेरबानी होती, प्रजेचा हक्क नव्हता. ‘आमचा धर्म सहिष्णू आहे, म्हणून राज्य आमच्या धर्माचे असले तरी इतरांना भीती नाही’ असा युक्तिवाद जगात सर्वत्र केला जातो, आणि तो करणारे बरेचदा प्रामाणिकही असतात. परंतु आजचा सत्ताधारी प्रामाणिक आहे म्हणून उद्याच्या सत्ताधाऱ्याची हमी मिळत नाही.

राज्य आणि उपासना यांच्यामध्ये भिंत हवी ही कल्पना अमेरिकेत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या १८०२ च्या पत्रामुळे प्रसिद्ध झाली. ते पत्र त्यांनी कनेटिकट राज्यातील बॅप्टिस्ट पंथाच्या लोकांना लिहिले होते, कारण त्या राज्यात दुसऱ्या एका पंथाला राजमान्यता होती आणि या मंडळींना आपले उपासनास्वातंत्र्य उपकारासारखे वापरावे लागत होते. पण भिंतीची ही प्रतिमा त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे रॉजर विल्यम्स यांनी वापरली होती, आणि विल्यम्स तर कडवे धर्मोपदेशक होते. मॅसॅच्युसेट्सच्या धर्मनिष्ठ वसाहतीने त्यांना हद्दपार केल्यावर त्यांनी १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले आणि तिथे कोणावरही उपासनेची सक्ती ठेवली नाही. १६४४ मध्ये त्यांनी लिहिले ते असे की, चर्च ही बाग आहे आणि बाहेरचे जग हे रान. मधले कुंपण मोडले की रान बागेत शिरते. त्यांना चिंता बागेची होती. श्रद्धावान वाचकाने हा मुद्दा सावकाश विचारात घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडे या फारकतीकडे धर्माविरुद्धचा कट म्हणून पाहण्याची सवय लागली आहे.

याच्या उलट टोकाला, सत्ता धर्मवेत्त्यांच्या हाती दिली की काय होते ते इराणमध्ये दिसते. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथे निवडणुका होतात, लोक रांगा लावून मतेही देतात. परंतु उमेदवार कोण असावा हे १२ सदस्यांचे पालक मंडळ ठरवते, ज्यातील ६ धर्मशास्त्रज्ञ सर्वोच्च धर्मनेता स्वतः नेमतो, आणि उरलेल्या ६ कायदेपंडितांची नावे त्यानेच नेमलेला न्यायव्यवस्थेचा प्रमुख संसदेपुढे ठेवतो. हिशेब मागायचा तो कोणाकडे, हा प्रश्न तिथल्या नागरिकाने विचारला तर मतपेटीत त्याला उत्तर नाही.

इथपर्यंत वाचून आपण एक आक्षेप घ्याल, आणि तो घ्यायलाच हवा. ब्रिटनमध्ये आजही राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च प्रमुख आहे आणि वरिष्ठ सभागृहात २६ बिशप बसतात, तरीही तिथला नागरिक कोणत्याही धर्माचा असो वा नसो, तो मोकळेपणाने जगतो. मग भिंतीची गरजच काय? याचे उत्तर त्या देशाने ती मोकळीक किती कष्टाने मिळवली यात आहे. १८२९ पर्यंत कॅथलिकांना आणि १८५८ पर्यंत ज्यूंना तिथल्या संसदेत बसता येत नव्हते. निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून निवडून आले, तेव्हा त्यांनी ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करू देण्याची मागणी केली. ती नाकारली गेली, पुढे शपथ घेण्याची तयारी दाखवली तर तीही नाकारली गेली, एक रात्र त्यांना संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोठडीत काढावी लागली, आणि मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून देऊनही १८८६ पर्यंत त्यांना रीतसर आसन मिळाले नाही. प्रतिज्ञेचा हक्क १८८८ च्या कायद्याने मिळाला. म्हणजे भिंत कागदावर नसली तरी तिचे काम तिथे एकेक दगड रचून झाले आहे.

ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते, इतकी त्यांना भारताविषयी आस्था होती. साठ वर्षांनी तयार झालेल्या आपल्या संविधानात शपथेचा नमुना उघडून पाहावा: मंत्र्यापासून राष्ट्रपतीपर्यंत प्रत्येकासाठी एकाच वाक्यात दोन वाटा दिल्या आहेत, ईश्वराच्या साक्षीने शपथ घेण्याची किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची, आणि दोन्हींनंतरचे शब्द एकच आहेत. ज्याची श्रद्धा आहे त्याला ती गिळावी लागत नाही, आणि ज्याची नाही त्याला खोटे बोलावे लागत नाही. मी आपल्या अडचणीचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मला सर्वांत समाधानकारक उत्तर या एका वाक्यात सापडले.

हे संविधान घडवणाऱ्या संविधानसभेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी हरी विष्णू कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करावी अशी दुरुस्ती मांडली होती. सभागृहातील बहुसंख्य सदस्य आस्तिक होते. तरीही हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध करताना दाखवून दिले की, जी उद्देशिका विचाराचे, विश्वासाचे, श्रद्धेचे आणि उपासनेचे स्वातंत्र्य देते तिच्यातच एका श्रद्धेची सक्ती करणे विसंगत ठरेल. मतदान झाले: बाजूने ४१, विरोधात ६८. विरोधात हात वर करणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या दिवशी सकाळी प्रार्थना केली असेल असे मी धरून चालतो, आणि म्हणूनच मला ते मतदान मोलाचे वाटते.

मात्र फारकत म्हणजे राज्याने धर्माच्या आवारात कधीच पाऊल टाकू नये, असा अर्थ आपल्या समाजात लावता येत नाही. २ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधानसभेत सांगितले की, या देशात धर्माच्या कल्पना इतक्या विस्तृत आहेत की त्या जन्मापासून मृत्यूपर्यंत जीवनाचे प्रत्येक अंग व्यापतात. ज्या माणसाने महाडच्या तळ्यासाठी आणि काळाराम मंदिराच्या दारासाठी सत्याग्रह केले होते त्याला हे पुस्तकातून कळलेले नव्हते. पाणी कोणी प्यावे हे जिथे धर्माच्या नावाने ठरत होते, तिथे राज्याने हात बांधून उभे राहणे म्हणजे बलवानाची बाजू घेणे झाले असते. म्हणून अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद २५ ने उपासनेचे स्वातंत्र्य देतानाच सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याकडे ठेवला. माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का लागतो तिथे राज्याने मध्ये पडावे, आणि देव कसा पुजावा हे मात्र सांगू नये. ही रेघ नेहमी स्पष्ट दिसत नाही, तरी ती आखावीच लागते.

आणि ज्यांना ही रेघ पुसून धर्मच पुसून टाकावासा वाटतो, त्यांचेही प्रयोग जगाने पाहिले आहेत. अल्बानियाने १९६७ मध्ये मशिदी आणि चर्च बंद करून स्वतःला निरीश्वरवादी राष्ट्र म्हणवून घेतले. १९९० च्या सुमारास बंदी उठली तेव्हा लोक पुन्हा प्रार्थनेला जमले. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने राज्य कोणत्याही पंथाला मान्यता वा पैसा देणार नाही असे ठरवले ते मला मान्य आहे, पण २००४ मध्ये सरकारी शाळांतील मुलामुलींनी ठळक धार्मिक चिन्हे घालू नयेत असा कायदा केला तो पटत नाही. अलिप्त राहण्याचे बंधन राज्यावर असते; बारा वर्षांच्या मुलीवर ते घालण्याचे कारण नाही.

मते मागण्याचा भाग राहिला. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) धर्म, जात, वंश, समाज किंवा भाषेच्या आधारे मत मागण्याला भ्रष्ट आचार मानते. त्या कलमातील ‘त्याचा’ धर्म म्हणजे फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन असा निर्णय दिला आणि मतदाराचा धर्मही त्यात धरला. वाद निघाला होता १९९० च्या निवडणुकीतून. मला बहुमताचा निर्णय बरोबर वाटतो, तरी अल्पमतातील न्यायमूर्तींनी व्यक्त केलेली काळजी मी बाजूला सारू शकत नाही: एखाद्या समाजावर त्याच्या धर्मामुळे किंवा जातीमुळे अन्याय होत असेल तर तो निवडणुकीत मांडायचाच नाही का? माझा कस असा आहे. ‘आमच्या वस्तीला पाणी मिळत नाही, कारण आम्ही अमुक आहोत’ हे म्हणणे खरे की खोटे हे कोणालाही तपासता येते. ‘तुम्ही अमुक आहात म्हणून मला मत द्या’ यात तपासण्यासारखे काहीच नसते. कायद्याला हा फरक दरवेळी पकडता येणार नाही, आणि निकालाला सत्तावीस वर्षे लागत असतील तर कायद्याच्या भरवशावर बसताही येणार नाही. तो मतदाराने सभेतच पकडावा लागतो.

राहिली आपली मूळ अडचण. विल्बरफोर्स यांनी ब्रिटिश संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध वीस वर्षे लढा दिला आणि १८०७ मध्ये तो व्यापार कायद्याने बंद झाला, तो त्यांच्या धर्मश्रद्धेच्या बळावर. मार्टिन ल्यूथर किंग तर धर्मोपदेशकच होते. पण गुलामगिरीचे समर्थकही त्याच बायबलमधील वचने काढून दाखवत होते, हे विसरता येत नाही. विल्बरफोर्स यांनी जहाजांच्या तळघरात माणसे कशी कोंबली जातात याचे पुरावे सभागृहापुढे ठेवले, ज्यांचा विचार करायला ख्रिस्ती असण्याची गरज नव्हती. श्रद्धेने त्यांना उभे केले. इतरांना पटवताना त्यांनी इतरांनाही तपासता येतील अशी कारणे दिली. धार्मिक माणसाकडून मी एवढीच अपेक्षा करतो, आणि ती निधर्मी माणसाकडूनही तितकीच करतो.

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या संविधानात धर्मोपदेशकांना विधिमंडळात बसण्यास १७९६ पासून मनाई होती. मॅकडॅनियल नावाच्या एका बॅप्टिस्ट उपदेशकाच्या खटल्यात १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण माणसाला आपली श्रद्धा आणि आपला नागरी हक्क यांतून एक निवडायला लावणे हाच त्याच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला होता. मला तो निकाल योग्य वाटतो. महंत, मौलवी, पाद्री, कोणीही निवडणुकीला उभे राहावे. व्यासपीठावर चढल्यावर त्यांच्यापुढेही तीच बाई उठून उभी राहील आणि दवाखान्यात डॉक्टर कधी येणार ते विचारेल, आणि तिला तारीख सांगावी लागेल.